ठोकळ्यांची आवक-जावक

खोक्यावर सगळं छापलेलं असतं. मूल किती वर्षांचं हवं, आत नग किती आहेत, त्यातून काय उभं राहील, तोंडात घातल्यास काय होईल. 1 जानेवारी 2021 पासून आपल्याकडे विकायच्या खेळण्यांवर आयएसआयचा शिक्का सक्तीचा झाला, तोही असतो. हे सगळं घरात ठेवायचं कुठे, तेवढं मात्र कोणी छापत नाही. खोक्याचा त्या कामी काडीचा उपयोग नसतो. उघडण्याच्या झटापटीतच ते निकालात निघतं, आणि जे काही वाचतं ते 'याचं मी गॅरेज करणार आहे' असं जाहीर करून चिरंजीव दिवाणाखाली सरकवतात. मग ते गॅरेज टाकायची कोणाची छाती नसते.

ठोकळ्यांचा मूळ दोष असा की ते संपत नाहीत.

बाकीच्या खेळण्यांना काही एक आयुष्य असतं. गाडीचं चाक निघतं, बाहुलीचा हात जातो, पतंग तारेवर अडकतो, गोट्या शेजारच्यांच्या मालकीच्या होतात. दोन-तीन वर्षांत घर आपोआप मोकळं होतं आणि उरलेलं भंगारवाला नेतो. ठोकळ्याला यातलं काही होत नाही. ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीत 2012 मध्ये चार बटणांचा एक लेगोचा ठोकळा यंत्रात घालून दाबत नेला, तेव्हा सुमारे 432 किलोंचा भार आल्यावर त्याने मान टाकली. म्हणजे त्याच्या डोक्यावर तसेच पावणेचार लाख ठोकळे चढवायचे, साडेतीन किलोमीटर उंच, कळसूबाईच्या दुपटीहूनही वर, तेव्हा कुठे तळातला चेपणार. रात्री पाणी प्यायला उठलेल्या आणि दिवा न लावता स्वयंपाकघराकडे निघालेल्या माणसाचं वजन त्याच्या खिजगणतीतही नसतं. त्या गाठीभेटीत जे काही वाकायचं ते माणसाने वाकायचं.

बरं, मोडत नाही तर नाही, निदान जुना तरी व्हावा? तेही नाही. डेन्मार्कमधल्या बिलुंड गावच्या ओले कर्क क्रिस्तियानसन या सुताराने 1932 मध्ये लाकडी खेळणी करायला घेतली. त्याच्या मुलाने 28 जानेवारी 1958 ला आजच्या लेगो ठोकळ्याचं पेटंट नोंदवलं. त्या वर्षीचा ठोकळा काल विकत आणलेल्या ठोकळ्यात आजही टक्‌ करून बसतो. आमच्या घरात 1958 सालचं दुसरं काहीही कशातही बसत नाही. बाळांसाठीचे मोठे ठोकळे 1969 मध्ये निघाले, तेसुद्धा लहान ठोकळ्यांशी जुळतात. म्हणजे मूल मोठं झालं या सबबीवरही काही देऊन टाकता येत नाही. राहता राहिला कंटाळा. आठ बटणांचे सहा एकरंगी ठोकळे किती तऱ्हांनी जोडता येतात, याचा आकडा कंपनीने 1974 मध्ये दहा कोटींच्या आसपास सांगितला होता. त्यात फक्त एकावर एक उभे रचलेले मनोरे धरले होते. पुढे सोरेन आयलर्स या डॅनिश गणितज्ञाने सगळ्या तऱ्हा मोजल्या आणि आकडा निघाला 91 कोटी 51 लाख 3 हजार 765. हे फक्त सहा ठोकळ्यांचं. आमच्याकडे एक बादली आहे.

आणि त्या बादलीत सगळं काही बिलुंडचं नाही. वाढदिवसांना परतभेट म्हणून मिळालेले आहेत, पालीच्या खंडोबाच्या यात्रेत घेतलेले आहेत, एका मावसभावाचे 'जरा आठ दिवस ठेव' म्हणून आलेले आहेत. यात्रेतले ठोकळे एकमेकांना धरतात, पण मनापासून धरत नाहीत. अस्सल आणि यात्रेतला यांचं मात्र कधीकधी असं जुळतं की नखाने, चमच्याने, कशानेच सुटत नाही. ते वेगळे करायला एक प्लास्टिकची उचकटणी मिळते. तिला घरात 'सेपरेटर' म्हणतात. साताऱ्याच्या पोवई नाक्यावरच्या ग्रेड सेपरेटरमुळे हा शब्द आम्हा सातारकरांच्या तोंडी बसला आहे. ती उचकटणीही त्या बादलीतच कुठेतरी असते, त्यामुळे तिचं काम शेवटी दातांनी करावं लागतं. मुलाचे दुधाचे दात तसेही पडायचेच आहेत. माझी पंचाईत आहे.

आमच्या लहानपणी काही रचायचं म्हणजे दिवाळीचा किल्ला. साताऱ्यात तर मान वर केली की अजिंक्यतारा, त्यामुळे नमुना आयता होता आणि तरीही प्रत्येक अंगणातला अजिंक्यतारा वेगळा निघायचा. दगड-विटांचा ढीग, त्यावर जुनं पोतं, त्यावर चिखल, चिखलावर अळीव नाहीतर मोहरी पेरायची. गुहेत वाघ, आरशाच्या तुकड्याचं तळं, शिखरावर महाराज आणि पायऱ्यांवर उतरत्या क्रमाने मावळे. त्या मावळ्यांत निम्म्यांच्या माना फेव्हिकॉलने चिकटवलेल्या असत, आणि वाघ मावळ्यांपेक्षा मोठा असे. पण तुळशीचं लग्न झालं की किल्ला मोडायचा. माती जास्वंदीच्या मुळाशी, विटा मोरीमागे, पोतं परत कोळशावर आणि मावळे बुटाच्या खोक्यात. साठवण एवढीच, एक खोकं. ते माळ्यावर गेलं की पुढच्या वसुबारसेपर्यंत विषय बंद.

भातुकलीही एका ट्रंकेत मावायची. पुण्याच्या आयुकातल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेतून ज्यांचं नाव घरोघरी पोचलं त्या अरविंद गुप्तांची तर गोष्टच और. काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची नळी यांतून ते त्रिकोण, चौकोन, घरं उभी करायला शिकवतात. खेळून झालं की उरतं काय, तर चिमूटभर काड्या. घरातल्या बायकांनी त्यांचा जाहीर सत्कार करायला हवा.

ठोकळे घरात शिरले तेव्हा आईने दोन दिवस पाहिलं आणि निकाल दिला. ''वाकळ आण रे ती जुनी.''

आमच्याकडची पद्धत अशी. जुन्या लुगड्यांची शिवलेली वाकळ सोप्यात पसरायची, ठोकळे तिच्यावर ओतायचे, पोराने काय खेळायचं ते त्या हद्दीत खेळायचं. पाहुण्याची चाहूल लागली की चार टोकं उचलायची, गाठ मारायची आणि बोचकं फडताळात. पाहुणा चपला काढेपर्यंत घर मोकळं. परदेशात म्हणे हेच गोल कापडाला नाडी ओवून विकतात. मी आईला हे सांगितलं तर तिने डोळे विस्फारले. ''आणि लोक घेतात?''

वाकळीचा मोठा गुण म्हणजे आवाज होत नाही. त्याआधी आम्ही तेलाचा पंधरा किलोचा पत्र्याचा डबा वापरून पाहिला होता. ठोकळा शोधणं हे मुळात ऐकू येणारं काम आहे. मूल ढिगात हात घालतं, ढवळतं, थांबतं, पुन्हा ढवळतं. पत्र्याच्या डब्यात हे चालू असताना दुपारी वामकुक्षी घेऊन दाखवणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. वडिलांना एकदा स्वप्नात खडीच्या डंपरखाली झोपल्याचा भास झाला. वाकळीवर मात्र पुसट खसखस होते, आणि ती बंद पडली की मूल कुठे गेलं ते पाहायला उठायचं एवढंच.

दोष दोन. पहिला, हवा असलेला ठोकळा नेहमी बोचक्याच्या तळाशी असतो. दुसरा, वाकळ ही पांघरायचीही वस्तू आहे. तिच्या टाक्यांमध्ये बारीक तुकडे अडकतात, आणि साताऱ्याच्या थंडीत वाकळ ओढून कूस बदलली की बरगडीला अंतराळवीराचं हेल्मेट टोचतं. केर काढणाऱ्या मावशींनी स्वतःपुरती तिसरी व्यवस्था लावली आहे. सापडलेला ठोकळा त्या देवळीत निरांजनाशेजारी ठेवतात. एकदा कचऱ्यात टाकला होता, तेव्हा चिरंजीवांनी घंटागाडीमागे पळून जे दृश्य उभं केलं ते सगळ्या आळीने पाहिलं. तेव्हापासून आमच्या देवळीत दोन चाकं, एक स्टीअरिंग, एक पिवळी डोकी आणि सुपारीचा गणपती एकत्र नांदतात.

आता सांगली.

सासुरवाडी सांगलीची, गावभागातली. सासरे, म्हणजे अण्णा, कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात स्टोअरकीपर होते. निवृत्त झाले ते नोकरीतून, स्टोअरमधून नाही. त्यांच्या घरात खिळ्यांच्या बरण्यांना कोड नंबर आहेत. त्यात गावभाग म्हणजे पुराच्या हाकेवर. आयर्विन पुलाशी 40 फूट पाणी म्हणजे इशारा, 45 म्हणजे धोका, हे तिथली मुलं पाढ्यांबरोबर शिकतात. 2005 चा पूर झाला, 2019 ला पाणी 57 फुटांवर गेलं, 2021 ला पुन्हा आलं. त्यामुळे अण्णांच्या घरात कुठली वस्तू कुठे ठेवायची याचा निर्णय वस्तूच्या किमतीवर आणि भिंतीवरच्या रेघेवर ठरतो. कागदपत्रं 2019 च्या रेघेच्या वर. धान्य त्याच्या शेजारी. जावयाने दिलेल्या भेटवस्तू 2005 च्या खाली आहेत, हे मी पाहून ठेवलं आहे.

मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही मुलाला आणि बोचक्याला घेऊन सांगलीला गेलो. अण्णांनी गाठ सोडली, आत पाहिलं, आणि बराच वेळ काही बोलले नाहीत.

''जावईबापू, हे असं ठेवता?''

''हो अण्णा. आईची पद्धत आहे.''

आईचं नाव आल्यावर त्यांना पुढचं गिळावं लागलं. पण साताऱ्याच्या माणसाला साठवणीतलं काही कळत नाही, ही त्यांची जुनी धारणा आहे. पेढा केला, खोक्यात भरला, विकला, याला काय साठवण म्हणायचं? साठवण आमच्या सांगलीकडे, असं त्यांचं म्हणणं. आणि त्यात तथ्य आहे, हे मला कबूल करावं लागतं. हरिपूरला कृष्णा-वारणेच्या संगमाजवळ जमिनीत खोल पेवं खणून त्यांत हळद ठेवायचे, तोंडं बंद करून, वर्षानुवर्षं. कीड नाही, बुरशी नाही. पेव उघडलं तरी कोणी लगेच आत उतरायचं नाही, आधी कोंडलेली हवा जाऊ द्यायची. 2005 च्या पुरात पाणी शिरून त्यांतली बरीच निकामी झाली आणि हळद शीतगृहात गेली. तिकडे तासगावला बेदाणा. हिरवा वेगळा, पिवळा वेगळा, काळा वेगळा, मग आकाराप्रमाणे चाळायचा, निवडायचा, खोक्यांत भरून शीतगृहात. ज्या जिल्ह्यात सुकलेल्या द्राक्षाचीही प्रतवारी होते, त्या जिल्ह्यात नातवाचे ठोकळे बोचक्यात राहणं अण्णांना साफ नामंजूर होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी श्रीखंडाचे रिकामे डबे निघाले. प्रत्येकाला बिन कार्ड. कोड नंबर, वर्णन, आवक, जावक, शिल्लक, सही. अण्णांनी आधी रंगाप्रमाणे विभागणी केली. दुपारपर्यंत लाल, निळा, पिवळा, हिरवा, पांढरा, काळा असे सहा डबे भिंतीशी मांडून झाले. दिसायला इतके देखणे की शेजारच्या काकू बघून गेल्या. पांढऱ्यातले काही ठोकळे पिवळट निघाले. उन्हाने पांढऱ्या प्लास्टिकचा रंग असा उतरतो. आईने गेल्या उन्हाळ्यात ठोकळे धुऊन गच्चीवर कुरडयांशेजारी वाळत घातले होते, त्याचा हा परिणाम. ते पांढऱ्यात टाकायचे की पिवळ्यात, यावर अण्णा अडले. शेवटी त्यांच्यासाठी सातवा डबा आला. कार्डावर वर्णन: 'पांढरा, हळद लागलेला.'

आणि मग चिरंजीव खेळायला बसले. त्यांना हवा होता एका बटणाचा काळा ठोकळा, ज्याला घरात 'एकुटा' म्हणतात. काळ्याचा डबा समोर होता. आत हात घातला, ढवळलं, थांबले, ढवळलं. अर्धा तास गेला. शेवटी डबा पालथा झाला आणि अण्णांच्या कपाळाची शीर उठली.

सासूबाई चौकटीशी तांदूळ निवडत बसल्या होत्या. ताटावरची नजर न काढता म्हणाल्या, ''उडदात काळा खडा शोधायला लावलाय तुम्ही पोराला.''

''म्हणजे?''

''म्हणजे काय? सगळे काळे. एकुटे एकीकडे ठेवा, कुठल्याही रंगाचे असेनात. त्यातला काळा आंधळ्यालासुद्धा दिसेल.''

हे ऐकून मी मनातल्या मनात त्यांना नमस्कार केला. डोळ्याला रंग एका क्षणात दिसतो, आकार शोधावा लागतो. म्हणून वेगळं करायचं ते आकाराप्रमाणे, रंग आपला आपण दिसतो. ठोकळ्यांत केस पांढरे केलेले जगभरचे शौकीन पहिल्यांदा रंगाप्रमाणेच लावतात आणि मग पस्तावून आकाराकडे येतात. सासूबाई तांदळाच्या ताटावरून थेट तिथे पोचल्या होत्या. अण्णांनी मात्र लढत दिली. ''बेदाण्याला आधी रंगच बघतात.''

''बेदाणा खायचा असतो,'' सासूबाई म्हणाल्या. ''शोधायचा नसतो.''

मग दुपारभर नवी प्रतवारी. सासूबाईंनी दोन चाळण्या काढल्या, एक गव्हाची आणि एक रव्याची, आणि त्यांचंही एक तंत्र सांगितलं. हातात येईल तो ठोकळा उचलून 'हा कुठे, तो कुठे' असं करायचं नाही. परातीत सगळं पसरायचं, आधी फक्त मोठे उचलायचे, मग फक्त चपट्या पापड्या, मग फक्त चाकं. एका फेरीला एकच जात. डोळा एका जातीला सरावला की हात आपोआप जातो. तांदळातून खडे, मग गोंड्या, मग कोंडा, अशा आयुष्यभराच्या फेऱ्यांतून हे आलेलं. आमच्यासारखे पदवीधर एकेका ठोकळ्यापाशी विचार करत बसतात.

अण्णांना त्यात आपली एबीसी पद्धत घालायला वाव मिळाला. कारखान्यात थोडे नग आणि भारी किंमत तो 'ए' वर्ग, ढीगभर नग आणि किरकोळ किंमत तो 'सी'. 'ए' वर्गावर कुलूप, 'सी' वर्गावर नुसती नजर. चाकं, बिजागऱ्या, काच, माणसं आणि माणसांच्या टोप्या 'ए' वर्गात गेल्या आणि त्यांच्यासाठी सासूबाईंचा मिसळणाचा जुना डबा कामाला आला. सात वाट्या, सात जाती, वर एक झाकण. आठ बटणांचे आणि चार बटणांचे 'सी' वर्गात, दोन उथळ पराती. उथळ हे महत्त्वाचं. बादलीतला तळ कधी वर येत नाही. परातीत तळहात फिरवला की सगळा माल डोळ्यांसमोर असतो. इथपर्यंत व्यवस्था इतकी चोख झाली होती की ती तिथेच थांबायला हवी होती.

पण अण्णांनी इश्यू स्लिप छापून आणल्या.

''काय हवंय?''

''चाकं, आजोबा.''

''कशासाठी?''

''जीप करायचीय.''

''किती नग?''

''पाच.''

''जीपला चार लागतात.''

''स्टेपनी?''

अण्णांनी चष्म्यावरून नातवाकडे पाहिलं. चाळीस वर्षांच्या नोकरीत कुठल्याही फोरमनने त्यांना असं निरुत्तर केलं नसावं. पाच चाकं मंजूर झाली, सही झाली, जावक पडली. संध्याकाळी माल परत जमा होताना चार निघाली. स्टेपनी नव्हती. घर शोधलं, दिवाण हलवला, कुकरची शिट्टीसुद्धा उघडून पाहिली. पुस्तकी शिल्लक एक, प्रत्यक्ष शिल्लक दुसरी. अण्णा त्या रात्री जेवले, पण लक्ष नव्हतं. स्टेपनी तिसऱ्या दिवशी माझ्या बुटात सापडली. ती कशी गेली हा तपास अजून चालू आहे आणि माझ्याकडे संशयाने पाहिलं जातं.

एक आणखी गोष्ट त्यांनी बंद करायचा प्रयत्न केला. चिरंजीवांना मांडून ठेवलेली परात दिसली की ते दोन्ही हातांनी ओंजळ भरतात आणि वर उडवतात. तासगावच्या बाजारात पूर्वी सौद्यांच्या वेळी बेदाणा असाच उधळला जायचा. माल वाया जातो म्हणून बाजार समितीला ती उधळण बंद करावी लागली. ही माहिती अण्णांनी नातवाला नियम म्हणून सांगितली. नातवाला ती परंपरा म्हणून आवडली.

सुट्टी संपल्यावर मिसळणाचा डबा, पराती आणि बिन कार्डं घेऊन आम्ही निघालो. पेठ नाका, कऱ्हाड, सातारा. पोचेपर्यंत गचक्यांनी सात वाट्यांच्या सात जाती एकमेकींत मिसळल्या होत्या. आईने झाकण उघडलं, आत पाहिलं आणि शांतपणे वाकळ पसरली. तेव्हापासून दोन राज्यव्यवस्था आहेत. साताऱ्यात बोचकं, सांगलीत कार्ड. दर खेपेला दोन घरांच्या मध्ये काही नग कमी होतात आणि अण्णा ते 'वाटेत घट' या सदरात टाकतात. हळदीच्या व्यवहारात घट धरायची असतेच, त्यामुळे त्यांना तेवढी सोसते. मात्र आमच्या देवळीत निरांजनाशेजारी काय काय जमा आहे हे त्यांच्या कानावर जाता कामा नये. लेखा परीक्षण लागेल.

सुट्या ठोकळ्यांचं असं कसंबसं चालतं. खरी अडचण जोडलेल्या ठोकळ्यांची. सुटा ठोकळा कुठेही बसतो. त्याचं विमान झालं की त्याला शोकेस लागते. मराठी घरातल्या शोकेसमध्ये आधीच काय असतं ते सगळ्यांना माहीत आहे: एक ताजमहाल, गणपतीपुळ्याचे शिंपले, वक्तृत्व स्पर्धेचं स्मृतिचिन्ह, कोणाच्या तरी बारशाला आलेला आणि पुढे कोणाला द्यायचा राहून गेलेला चहाचा सेट. त्यात विमान घुसतं. मग किल्ला. मग क्रेन. मग 'हे काय आहे ते अजून ठरलं नाही, पण मोडायचं नाही.' चहाचा सेट माळ्यावर जातो आणि दुसऱ्या बाजूने रड सुरू होते, की नवीन करायला ठोकळेच उरले नाहीत, अजून आणा. आमच्या ओळखीतल्या घरांमध्ये ठोकळ्यांचं पेव फुटलं ते असं.

अजिंक्यतारा तुळशीच्या लग्नानंतर मोडायचा असतो हे आम्हाला कोणी समजावून सांगितलं नव्हतं. तो पावसाने आणि मांजरांनी अर्धा मोडलेलाच असायचा. या विमानाला ना पाऊस लागतो ना मांजर. त्याला तारीख कोण देणार?

ती गेल्या भाद्रपदात सांगलीत मिळाली. सांगलीचा गणपतीही आपल्या शिस्तीचा आहे. देवळात चतुर्थीच्या चार दिवस आधी गुपचूप चोर गणपती बसतो, आणि संस्थानच्या गणपतीचं विसर्जन पाचव्या दिवशी. अण्णांच्या घरचाही पाचच दिवसांचा. नातवाने यंदा मखर मीच करणार म्हणून हट्ट धरला. अण्णांनी सगळा साठा खुला केला, एकही स्लिप न मागता, हे नोंद करण्यासारखं. मखर झालं. चार बुरूज, मधे कमान, कमानीवर दोन हत्ती आणि अंतराळवीर द्वारपाल. यात्रेतले ठोकळे असलेला बुरूज जरासा झुकत होता, तो मागच्या बाजूने पाटाला टेकवला.

पाचव्या दिवशी मिरवणूक पाहून आलो, घरच्या मूर्तीचं विसर्जन झालं, आणि रिकामं मखर तसंच राहिलं. अण्णांना वार्षिक साठा मोजायचा होता. त्यांनी हात लावताच नातू आडवा आला. मोडायचं नाही. कधीच नाही. शोकेसमध्ये ठेवायचं. सासूबाईंनी शोकेसकडे पाहिलं, त्यातल्या क्रेनकडे पाहिलं, आणि अण्णांना डोळ्यांनी सांगितलं की आता तुम्ही बघा.

अण्णा आत गेले, सोवळं नेसून आले. पाटासमोर बसले. नातवाला शेजारी बसवलं. मखराला हळद-कुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या, खोबऱ्याचा नैवेद्य दाखवला आणि मखर दोन बोटं उत्तरेला सरकवलं.

''झालं. उत्तरपूजा झाली. आता ह्याच्यात देव नाही, आता ठेवता येत नाही. शास्त्र आहे.''

नातवाने माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. शास्त्राचं मला काही माहीत नव्हतं, पण शोकेसचं होतं.

अंगणात मोठं घंगाळ होतं. सासूबाईंनी त्यात कोमट पाणी घातलं, हात बुडवून बघितलं, कारण फार कढत पाण्यात ठोकळे वाकडे होतात आणि चाळीस अंशांच्या वर नको असं कुठेतरी लेकीने वाचून दाखवलं होतं. साबणाची पूड विरघळवली. मग मखर सगळ्यांनी धरून आत सोडलं. 'मोरया' झाला. झुकलेला बुरूज आधी सुटला. पोकळीत हवा अडकलेले काही ठोकळे तरंगत राहिले, बाकीचे तळाशी गेले. नातवाने स्वतःच्या हाताने एकेक चोळून धुतला, सासूबाईंनी रोवळीत उपसला आणि सावलीत पंचावर पसरला. गेल्या कित्येक महिन्यांत ठोकळे धुवायला हवेत असं सगळे म्हणत होते, ते एका फटक्यात झालं. अण्णा शेजारी पाट टाकून बसले होते, रोवळीतून पडणारा प्रत्येक नग कार्डावर लिहीत.

''आजोबा, पुढच्या वर्षी परत येतं ना ते?''

''येतं की.''

''कधी?''

''भाद्रपदात.''

नातवाने पंचावरचे ठोकळे चाचपून पाहिले. अजून ओले होते. त्याने एक स्लिप मागितली आणि तारखेच्या जागी 'उद्या सकाळी' असं लिहिलं.